पूर येण्याआधीचा रियाज

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, रेडिओवर मला बोलावतात ते बहुधा कविता वाचायला. आज मात्र कविता नाही. आज बोलायचं आहे ते निरोपाविषयी, आणि कुणाचा तरी निरोप एक दिवस नीट पोहोचावा म्हणून सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात सराव करत बसणाऱ्या काही छांदिष्ट माणसांविषयी.

सुरुवात घरातूनच करतो. २०२० सालचा ऑगस्ट सरत आला होता. आमच्या गोंदिया जिल्ह्यात रोवणी कधीच आटोपली होती. बांध्यांमध्ये धान हिरवंगार उभं होतं. तिकडे वर मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगेला महापूर आला. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांतल्या नदीकाठच्या गावांनी तो पूर पाहिला. माझी थोरली बहीण, आमची आपा, तिरोडा तालुक्यातल्या अशाच एका गावात राहते. पहिल्या संध्याकाळी तिचा फोन आला, "पाणी पारापर्यंत आलंय. तू काळजी करू नकोस." त्यानंतर फोन बंद. आधी वीज गेली असणार, मग टॉवरची बॅटरी संपली असणार. दोन रात्री मी तोच नंबर दाबत बसलो. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवरून आलेल्या एका अनोळखी पोरानं दारात उभं राहून सांगितलं, "आपा शाळेत आहेत. बऱ्या आहेत."

पाच शब्द. त्या पाच शब्दांसाठी आमच्या घरात दोन रात्री चूल पेटली नव्हती.

शब्द मोजण्याची सवय मला कवितेनं लावली असं लोकांना वाटतं. ती लावली अब्बांनी. अब्बा रेल्वेत सिग्नलर होते. लोक त्यांना तारबाबू म्हणत. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचं जुनं जंक्शन. एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ पडले, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेनं तो मार्ग हाती घेतला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इथून सातपुड्याच्या जंगलातून जबलपूरकडे छोटी लाइन निघाली. जिथं रूळ गेले तिथं रुळांच्या कडेनं तारेचे खांब गेले. स्टेशनाच्या कोपऱ्यातलं ते पितळी यंत्र कडकट्ट कडकट्ट वाजायचं आणि अब्बा न बघता कागदावर अक्षरं उतरवायचे. आमच्या घरात हिंदी-उर्दू मिसळलेली बोली, शाळेत मराठी, आणि अब्बांच्या बोटांत मोर्स.

पुढे टेलिफोन आणि टेलिप्रिंटर वाढले, तारेचं काम कमी होत गेलं. तरी संध्याकाळी अंगणातल्या बाजेवर बसून अब्बा चमच्यानं बाजेच्या लाकडावर ठोके देत राहायचे. अम्मी वैतागायची. मी एकदा विचारलं, "आता याचा उपयोग काय?" ते म्हणाले, "बेटा, हात गंजतो. ज्या रात्री टेलिफोनची लाइन तुटेल, त्या रात्री मला पुन्हा शिकायला वेळ मिळणार आहे का?"

हे वाक्य मी विसरून गेलो होतो. २०२० च्या पुरानं ते आठवून दिलं. मग मी या विषयाच्या मागे लागलो, आणि लक्षात आलं, की अब्बांचं एक चुलत घराणं जगभर पसरलेलं आहे. त्यांना 'हॅम' म्हणतात. आपण त्यांना हौशी रेडिओवाले म्हणू.

'हॅम' ही मुळात शिवी बरं का! अमेरिकेतले पगारी तारबाबू अडाणी, जड हाताच्या माणसाला 'हॅम' म्हणून हिणवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिनतारी यंत्रं आली आणि घरच्या घरी संच जोडून एकमेकांशी बोलणारी पोरं निपजली. त्यांना हीच शिवी मिळाली, आणि त्यांनी ती बिरुद म्हणून मिरवली. १९१४ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम या गृहस्थानं अमेरिकेत त्यांची संघटना काढली. तिच्या नावातच 'रिले' हा शब्द आहे. तेव्हाच्या संचांचा पल्ला थोडा होता, म्हणून एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला असा निरोप पुढे द्यायचा. आपल्याकडे गावचा कोतवाल दवंडी पुढच्या गावच्या कोतवालाच्या हाती देई, तसंच काहीसं. १९३३ पासून ही मंडळी दरवर्षी जून महिन्यात एक 'फील्ड डे' पाळतात. घरातला आरामाचा संच सोडून मैदानात, डोंगरावर जायचं, विजेच्या तारेला हात लावायचा नाही, बॅटरीवर किंवा जनरेटरवर चोवीस तास जास्तीत जास्त केंद्रांशी बोलायचं. दिसायला खेळ. पण त्यामागे हेतू एकच, संकट येण्याआधी हात चालता ठेवणं.

भारतात १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगालमध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी हा छंद सुरू केला. पुढे दुसरं महायुद्ध आलं आणि १९३९ मध्ये सरकारनं हौशी परवाने बंद केले, संच ताब्यात मागितले. सरकारची भीती अगदीच खोटी नव्हती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला, तेव्हा त्याच्या ट्रान्समीटरच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचा हात होता. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी छापा घालून तो आवाज बंद केला. वायरलेस म्हटलं की कुठल्याही सरकारचे कान टवकारतात ते असे. म्हणूनच हा छंद आजही परवान्याशिवाय करता येत नाही. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा द्यावी लागते, अर्जदाराची पडताळणी होते, मग 'व्हीयू'नं सुरू होणारी तुमची खूण मिळते. बारा वर्षांचं मूलसुद्धा परीक्षेला बसू शकतं. त्या संचावर धंद्याचं बोलायचं नाही, गाणी-बातम्या प्रसारित करायच्या नाहीत. थोडक्यात, माझ्यासारख्या कवीची तिथं पंचाईतच!

मग इतक्या बंधनांत राहून ही माणसं कामाला आली ती कधी? आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १९९३ साल आठवा. ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची कितीतरी गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आठ-दहा हजार माणसं दगावली. त्या वेळी मोबाइल नव्हते. खेड्यात एखादाच टेलिफोन, तोही बंद. वरून पाऊस, रस्त्यांवर मदतीच्या गाड्यांबरोबर बघ्यांचीही गर्दी. अशा वेळी मुंबईहून, हैदराबादहून हौशी रेडिओवाले आपापले संच, मोटारीच्या बॅटऱ्या आणि तारांची वेटोळी घेऊन तिथं पोहोचले. कोणत्या गावी औषधं लागणार, कुठं तंबू, कुठं डॉक्टर, हे निरोप त्यांनी गावातून बाहेर काढले. आणि त्याबरोबर आणखी एक प्रकारचा निरोप होता. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाला सांगायचं, की तुझी आई आहे, किंवा नाही.

दुसरा प्रसंग अंदमानचा. २००४ च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद नावाच्या एक बाई आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओचं ते पथक. अंदमानातून हौशी रेडिओ चालवायला बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली होती, त्यामुळे जगभरचे हौशी त्यांच्याशी दोन शब्द बोलायला आतुर होते. म्हणजे गेल्या होत्या त्या निव्वळ छंदासाठी. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. वीज गेली, टेलिफोन गेले. पण भारतीबाईंचा अँटेना वर चढवलेला होता, संच जोडलेला होता आणि कानाला सवय झालेली होती. त्याच दिवशी खेळ थांबला आणि काम सुरू झालं. त्यांच्या पथकातली माणसं पुढे कार निकोबारलाही गेली. मुख्य भूमीवरचे नातेवाईक नावं विचारत होते आणि बेटांवरून एकेक नाव येत होतं.

तुम्ही म्हणाल, भारतीबाई तिथं होत्या हा योगायोग. होय, योगायोगच. पण त्या तिथं असताना त्यांचा हात तयार होता, हा योगायोग नव्हता.

आणि मोबाइल आल्यावर हे सगळं संपलं, असंही समजू नका. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. देशाच्या आर्थिक राजधानीत लोकांच्या खिशात फोन होते आणि ते मुके झाले होते. कारण साधं आहे. टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरीवर, बॅटरी संपली की डिझेलवर, आणि डिझेल न्यायचा रस्ता पाण्याखाली. जे टॉवर जिवंत राहतात, त्यांच्यावर लाखो लोक एकाच वेळी फोन लावतात आणि तेही गुदमरतात. जे मुंबईत झालं, ते वैनगंगेच्या काठी व्हायला कितीसा वेळ?

पुरानंतर एका मित्राच्या ओळखीनं मी एकदा नागपूरच्या बाजूला अशा एका सरावाला जाऊन बसलो. मे महिन्याचा रविवार. एक निवृत्त बँक कर्मचारी, एक कॉलेजात शिकणारी मुलगी, एक वायरमन आणि एक डॉक्टर. एकमेकांपासून काही किलोमीटरवर तिघं-चौघं पांगले. सराव असा, की पूर आला आहे असं समजायचं आणि एक निरोप तीन केंद्रांवरून फिरवून मूळ जागी परत आणायचा. निरोप होता, 'पंधरा माणसं शाळेच्या गच्चीवर, त्यात दोन बाळंतिणी, प्यायला पाणी नाही.' वीस मिनिटांनी निरोप परत आला. माणसं झाली होती पन्नास आणि बाळंतिणी गायब!

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण माझ्या कानात अब्बा बोलत होते. टेलिफोनवर कुणी आकडा सांगितला की ते दरडावायचे, "पंधरा म्हणू नको. एक, पाच, असं सुटं सांग." खरखरीत आवाजात पंधरा आणि पन्नास सारखेच ऐकू येतात. प्रत्यक्ष पुरात या एका चुकीनं नाव चुकीच्या गावी गेली असती.

दुपारी त्यांनी तोच निरोप पुन्हा पाठवला. या वेळी आधी कागदावर लिहून काढला. निरोपाचा क्रमांक, किती तातडीचा, कुठून, कुणाला, किती वाजता. मग एकूण शब्द मोजून तो आकडा निरोपाच्या आधी सांगितला. घेणाऱ्यानं लिहून घेतला, स्वतःचे शब्द मोजले, आकडा जुळला तेव्हाच पुढे गेला. मग सगळा निरोप परत वाचून दाखवला. कवितेत मात्रा मोजतात तसंच हे. फरक एवढाच, की इथं मात्रा चुकली तर टाळी जात नाही, माणूस जातो.

आणखी एक गंमत पाहिली. या संचावर दोघं एकाच वेळी बोलले तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून एकाला 'नेट कंट्रोल' नेमतात. तो हाक मारील त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. सरावाचा अर्धा भाग हा गप्प बसण्याचा असतो. मी मनात म्हटलं, आमच्या कविसंमेलनांना असा एक नेट कंट्रोल मिळाला तर श्रोते वेळेवर घरी जातील. यांच्यापैकी पुष्कळ जण रोज सकाळी हवेत हजेरी लावतात. दक्षिणेकडचं 'चारमिनार नेट' त्यासाठी प्रसिद्ध. वरवर काय, तर राम राम, हवापाणी, तुमचा आवाज कसा येतोय. पण त्या हजेरीतच कुणाचा संच बिघडला, कुणाची तार सैल झाली, हे कळतं.

सराव का लागतो, याचं एक कारण आपल्या भूगोलातही आहे. हातात धरायचा छोटा संच साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो. सालेकसा, दरेकसाकडच्या डोंगरात किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या दाट जंगलात तो लवकर दम टाकतो. तिथं दुसरी युक्ती लागते. दोन झाडांना किंवा दोन बांबूंना साठ-पासष्ट फुटांची तार जमिनीपासून फार उंच न बांधता ताणायची आणि लघुलहरींवर बोलायचं. लहरी सरळ आकाशात जातात, वरच्या वातावरणातल्या थरावरून परावर्तित होतात आणि छत्रीसारख्या खाली उतरतात. मध्ये डोंगर असो की जंगल, त्यांना अडथळा नाही. मोटारीची एक बॅटरी, एक संच आणि ही तार एवढ्यावर देवरी किंवा अर्जुनी-मोरगावहून नागपूर गाठता येतं. पण जी लहर भर दुपारी नागपुरात स्वच्छ ऐकू येते, तीच रात्री नागपूर ओलांडून पार दूर जाऊन पडते आणि जवळच्याला काही ऐकू येत नाही. मग रात्री खालच्या पट्ट्यावर उतरायचं, म्हणजे तारही अधिक लांब लागते. हे पुस्तकात वाचता येतं. आपल्या गावातून नेमकं कधी, कुठल्या पट्ट्यावर बोलायचं, हे मात्र आपल्याच गावात तार बांधून बघितल्याशिवाय कळत नाही. पुराच्या रात्री ते शोधत बसायचं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणण्यासारखं.

आता कुणी विचारील, की पोलिसांकडे वायरलेस असतो, जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन कक्ष असतो, उपग्रहावर चालणारे फोन आहेत. मग या हौशांचं काय काम? प्रश्न रास्त आहे. धरणातून किती पाणी सोडलं, बचाव पथक कुठं पाठवायचं, हे निरोप सरकारी यंत्रणेनंच न्यायचे आहेत आणि ती ते नेते. पण त्या यंत्रणेवर ओझं एवढं असतं, की 'आपा शाळेत आहेत, बऱ्या आहेत' हा निरोप न्यायला तिच्याकडे जागा उरत नाही. तो कुणाच्याच कामाच्या यादीत नसतो. पुराच्या नोंदीतही तो येत नाही. आणि ज्याच्या घरी तो पोहोचत नाही, त्याच्यासाठी पूर ओसरलेला नसतो. किल्लारीत आणि अंदमानात हौशांनी नेलेल्या निरोपांत असे निरोप होते. माझ्या मते ही त्यांची खरी जागा आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी या नद्या, आणि मालगुजारांच्या काळातले असंख्य तलाव. पाणी आमचं वैभव आहे आणि भयही. आमच्याकडे शाळा आहेत, कॉलेजं आहेत, मोबाइल दुरुस्त करणारी हुशार पोरं प्रत्येक बाजारात आहेत. त्यांच्यातल्या पाच-दहा जणांनी प्रत्येक तालुक्यात ही परीक्षा दिली तर? खालच्या प्रतीच्या परवान्याला आता मोर्स यावं लागत नाही, थोडी विजेची माहिती आणि नियम एवढंच. अवघड भाग परीक्षेचा नाही. अवघड आहे ते पुढचं. परवाना भिंतीवर टांगून न ठेवता, जिथं काहीच घडत नाही अशा दर महिन्याच्या एका रविवारी तार बांधायची, 'एक पाच माणसं शाळेच्या गच्चीवर' हा खोटा निरोप खऱ्यासारखा पाठवायचा, तो परत वाचून घ्यायचा आणि तार गुंडाळून घरी जायचं. कुणी टाळ्या वाजवत नाही. घरचे विचारतात, आज काय मिळालं?

मला कवी म्हणून यात एक गोष्ट शिकायला मिळाली. आम्ही दुसऱ्याचे शब्द घेतो आणि त्यात आपला रंग मिसळतो. ही माणसं दुसऱ्याचा शब्द होता तसा, एक मात्रा कमी नाही की जास्त नाही, पुढच्याच्या हाती देतात. त्यासाठी लागणारा रियाज कुठल्या गवयाच्या रियाजाहून कमी नाही.

१५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातली तार बंद झाली. ती बातमी ऐकायला अब्बा नव्हते. पण तारबाबूंचा एक आकडा हौशांनी अजून जिवंत ठेवला आहे. बोलणं संपताना ते एकमेकांना 'सेव्हंटी थ्री' म्हणतात. जुन्या तारेच्या सांकेतिक भाषेत त्याचा अर्थ, माझ्या शुभेच्छा. अब्बा रात्री झोपण्याआधी बाजेवर शेवटचे काही ठोके द्यायचे, ते काय होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या सरावाच्या दिवशी कॉलेजातल्या मुलीनं मला सात आणि तीन मोर्समध्ये ठोकून दाखवले. दोन लांब, तीन आखूड. मग तीन आखूड, दोन लांब.

मी ते लगेच ओळखले.

परवा आपाला फोनवर ते ऐकवले. ती म्हणाली, "अरे, हे तर अब्बांचं!" आणि मग म्हणाली, "आमच्या शाळेतल्या पोरांना शिकवायला येईल का रे कुणी, पावसाळ्याआधी?"